पन्नास हजारांच्या अटीस खुले पत्र

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या उत्पन्नाच्या अटीस,

तुला नमस्कार घालत नाही. तेवढा तुझा मान नाही.

दिव्यांगाला अनुदान हवे तर त्याच्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न 50 हजारांच्या आत हवे, असा तुझा हुकूम. महिन्याला 4,166 रुपये, तेही अख्ख्या घराचे! नवी मुंबईत एवढ्यात धड खोली भाड्याने मिळत नाही. आईने चार घरच्या पोळ्या लाटल्या की मुलगा तुझ्या लेखी सधन. याच सरकारने 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांची मर्यादा ठेवली. दिव्यांगाच्या घराला तू त्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यात कोंबतेस.

2025 मध्ये दिव्यांगांचे महिन्याचे अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार झाले. चांगलेच झाले. पण तू जागची हललीस का?

तुझा खरा गुन्हा पुढेच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखल्या, व्यवसाय प्रशिक्षण आणि स्वयंरोजगाराच्या योजना आखायला सांगितले. वाशीला महापालिकेचे ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांना शिकवते, घडवते. आणि मूल मोठे होऊन कामाला निघाले की दारात तू उभी!

कोपरखैरण्यातल्या एखाद्या कर्णबधिर पोराला रबाळे एमआयडीसीत बारा हजारांचे पॅकिंगचे काम मिळाले, असे धर. वर्षाचे 1 लाख 44 हजार. अनुदान बंद. काम कंत्राटी, चार महिन्यांनी ठेकेदार बदलला की पोरगा घरी. मग पुन्हा अर्ज, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीची वाट. तोवर खायचे काय? म्हणून आईबाप म्हणतात, नको ती नोकरी, हातचे अडीच हजार तरी राहू देत. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून बघावा. काम करू शकणाऱ्या तरुणाला तू घरी बसवतेस आणि वर त्यालाच निराधार म्हणतेस, याची मला चीड येते.

अमेरिकेत अपंगत्व विम्याचा भत्ता घेणाऱ्याला नऊ महिने काम करून पाहता येते, भत्ता चालू राहतो. पुढे कमाईमुळे तो बंद झाला आणि आजारपणाने काम सुटले, तर पाच वर्षांच्या आत नवा अर्ज न करता तो पुन्हा सुरू करून मागता येतो. म्हणजे असा नियम कागदावर उतरवता येतो.

महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. त्या विभागाला माझी विनंती आहे: ही अट अडीच लाखांवर न्या, दिव्यांगाची स्वतःची पहिल्या वर्षाची कमाई घराच्या उत्पन्नात धरू नका, आणि काम सुटल्यास जुन्याच मंजुरीवर पुढच्या महिन्यापासून अनुदान सुरू करा.

— नवी मुंबईतला एक नागरिक