मुधोळकर मोत्या

आमचा मोत्या मुधोळचा आहे, असं मी बेंगळूरुच्या येलहंक्यात सांगत असतो. सुनेनं त्याला शेजारच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगातून उचलून आणलं, हे सांगत नाही. भूमी अभिलेख खात्यात हयात घालवलेल्या माणसाला परगावी कोण विचारतं? साताऱ्यात निदान लोक सातबारा दाखवायला तरी यायचे. इथे मी म्हणजे सकाळी एका हातानं नातीची बाबागाडी ढकलणारा आणि दुसऱ्या हातानं कुत्रा आवरणारा म्हातारा. मग घराणं लागतं. आपलं नाही चालत, तर कुत्र्याचं.

आणि मोत्याकडे बघून शंका यायचं कारण नाही. निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट. पोट उपासमारीनं चिकटलं असेल, पण चिकटलेलं आहे. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी शिकारी कुत्र्यांची ही जात जोपासली, पंचम जॉर्जला एक जोडी नजर केली. 2005 साली तिच्या नावानं टपाल तिकीट निघालं. हे मी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कोणी थांबलाच, तर पुढचंही सांगतो. हे बेंगळूरु 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानानं तिसऱ्या केंपेगौडाकडून घेतलं आणि पुढे शहाजीराजांना जहागीर मिळालं. केंपेगौडा म्हणजे येलहंक्याचे नाडप्रभू. म्हणजे तुम्ही उभे आहात ती त्यांच्या मुळाची जागा. आता गंमत बघा, 1648 मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना पकडलं कोणी? मुधोळच्या बाजी घोरपड्यानं! तो हिशेब पुढे शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन चुकता केला. आणि आज त्या मुधोळचा कुत्रा राजांच्या जहागिरीत एका सातारकराच्या हातातल्या साखळीला बांधलेला आहे. इतिहास वर्तुळ पूर्ण करतो, असं मी इथे म्हणतो. बहुतेक लोक तोवर निघून गेलेले असतात. कोपऱ्यावरची भाजीवाली तेवढी जागची हलू शकत नाही. ती शांतपणे म्हणाली, “इदु बीदी नायी, अज्जा.” रस्त्यावरचा कुत्रा. इतिहासाची आवड नसते एकेकाला.

शहाजीराजांचा शेवटही 1664 मध्ये याच मुलखात झाला, होदिगेरेला. शिकारीत घोड्याचा पाय वेलीत अडकला आणि राजे पडले. पूर्वी मी हे मोठ्या करुण स्वरात सांगायचो. हल्ली प्रश्न पडतो, की वेलीच्या जागी येलहंक्याचा फुटपाथ असता तर घोडा पहिल्या पावलालाच बसला असता की नाही?

कारण आमच्या बाबागाडीला चार चाकं, चारही चाकांना स्प्रिंगा, आणि किंमत अशी की मुलानं मला ती सांगितलेली नाही. ती गाडी घरातल्या फरशीवर सुंदर चालते. बाहेरचा फुटपाथ म्हणजे गटारावर टाकलेल्या दगडी लाद्या. त्यातली एक वर, दुसरी खाली, तिसरी गायब. मधोमध ट्रान्सफॉर्मर, त्याला टेकून स्कूटर. खात्याची सवय जाईना म्हणून मी टेप नेऊन फुटपाथचा कठडा मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता म्हणते, उंची 150 मिलिमीटरहून जास्त नको आणि चालायला 1.8 मीटर मोकळी जागा हवी. आमच्या दाराचा कठडा त्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. मोकळ्या जागेचं माप घ्यायला जागा नव्हती. मी टेप लावत असताना मोत्यानं त्याच कठड्यावर आपली नोंद केली. सरकारी मोजणीला आक्षेप घ्यायची ही पद्धत मला ओळखीची होती.

याच येलहंक्यात रेल व्हील फॅक्टरी आहे. 1984 पासून इथे भंगार पोलाद वितळवून आगगाडीची चाकं ओततात. देशभरातल्या कितीतरी गाड्या इथल्या चाकांवर धावतात, आणि त्या कारखान्याच्या गावात एक दहा किलोची मुलगी दूध आणायला जाऊ शकत नाही. फिरायला तळ्यावर जायचं म्हणाल, तर पुट्टेनहळ्ळीचं तळं पक्ष्यांसाठी राखीव, तिथे कुत्रा नेऊ नये हे बरोबरच. दुसऱ्या एका तळ्यावर गेलो. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून फाटक असं वाकडं केलंय, की बाबागाडीही शिरत नाही. कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी वेगळी. तिघांपैकी प्रवेश फक्त मला होता, आणि मला एकट्याला बघायचंय काय तिथे?

आमची ही, म्हणजे बायको, मात्र यातल्या कशातच नसते. साताऱ्याला पहाटे अजिंक्यतारा चढताना माझ्या पुढे असायची, वर जाऊन “या, या, अहो” म्हणून चिडवायची. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक लादी हलली, गुडघा दुखावला. तेव्हापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत येते, नातीचं टोपरं सारखं करते आणि परत फिरते. “तुम्ही जाऊन या, मला कंटाळा येतो,” म्हणते. या बाईला चालण्याचा कंटाळा! तिला गाडी नको, तळं नको, पायाखाली न हलणारी चार फूट जमीन हवी आहे. शहराकडे एवढंही मागता येऊ नये याचा मला संताप येतो, आणि तो कोणत्या खिडकीवर नेऊन द्यायचा ते इतकी वर्षं खिडकीच्या आत बसूनही कळत नाही.

परवा कठड्याशी झटापट चालली होती. साखळी चाकात, मोत्या खारीकडे, नात आनंदानं किंचाळतेय. समोरून हिच्याच वयाच्या एक बाई आल्या. मराठी ऐकून थांबल्या. जमखंडीच्या निघाल्या, मुलाकडे आलेल्या. मी सवयीनं साखळी सोडवता सोडवता म्हटलं, “मुधोळचा आहे.”

जमखंडीहून मुधोळ किती जवळ, हे तोंडातून शब्द गेल्यावर आठवलं.

बाईंनी मोत्याला नीट पाहिलं. कान, शेपूट, पंजे. मोत्यानं त्यांच्यापुढे उताणं पडून पोट वर केलं, जे पंचम जॉर्जपुढे कोणी केलं नसावं. “आमच्या वडलांकडे चार होती,” एवढंच म्हणाल्या, पदर खोचला आणि बाबागाडीची पुढची दांडी धरली. “धरा तिकडनं. हं.” आम्ही गाडी वर घेतली. मग त्यांनी वाकून टोपऱ्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, “नात तरी तुमचीच आहे न्हवं?”