पक्क्या बिलाचे समीक्षाशास्त्र

परिषदेच्या निमित्ताने जेवढे लिहिले जाते त्यापैकी वाचले किती जाते, या प्रश्नाकडे ज्ञानव्यवहाराच्या अभ्यासकांनी आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. शोधनिबंध 'वाचला' असे म्हणण्याची पद्धत आहे खरी, पण तो वाचणारा त्याचा लेखकच असतो आणि तोही सत्राध्यक्षांची चिठ्ठी येईपर्यंतच वाचतो. गोषवाऱ्यांची पुस्तिका, म्हणजे सर्व निबंधांचे सारांश एकत्र बांधलेला ग्रंथ, तागाच्या पिशवीतून मिळते आणि त्याच पिशवीतून घरी जाते. समारोपातले ठराव तर मांडणाऱ्यालाही नीट ऐकू येत नाहीत, कारण त्या वेळी श्रोते प्रमाणपत्रांच्या टेबलाभोवती जमलेले असतात. या सबंध वाङ्मयात आकडान्‌आकडा तपासून वाचला जाणारा दस्तऐवज एकच असून तो परिषदेने नव्हे, तर ती जेथे भरते त्या बिझनेस हॉटेलने निर्माण केलेला असतो. हा दस्तऐवज म्हणजे मुक्कामाचे पक्के बिल.

बिझनेस हॉटेल या संस्थेची व्याख्या तेथील सोयींवरून करण्याचा प्रघात असला, तरी ती पैशाच्या वाटेवरून करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल: जेथे राहणारा एक, पैसे मंजूर करणारा दुसरा आणि त्या मंजुरीवर आक्षेप घेणारा तिसरा असतो, ते बिझनेस हॉटेल. एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे दीड डॉलरमध्ये खोली आणि तिला जोडून स्वतंत्र स्नानगृह देऊ केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गावोगाव हिंडणारा विक्रेता होता. शेजारच्या दोन खोल्यांची स्नानगृहे पाठीला पाठ लावून बांधावीत आणि दोहोंचे नळ एकाच उभ्या पोकळीतून न्यावेत, या त्यांच्या युक्तीने खर्च आटोक्यात राहिला. विक्रेत्याच्या जागी आता विद्वानही आला आहे. त्याच्याकडे विकण्याजोगे काय आहे, हा प्रश्न येथे अप्रस्तुत होय.

विद्वान घरातून का निघतो याचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मिळते. शिक्षकाचे संशोधनगुण मोजणाऱ्या तिच्या तक्त्यात परिषदेतील निबंधवाचनास राज्य वा विद्यापीठ पातळीवर २, राष्ट्रीय पातळीवर ३, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५ आणि परदेशात ७ गुण नेमून दिलेले आहेत. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय यांतील अंतर अशा प्रकारे दोन गुणांचे ठरते, आणि व्यवहारात ते कापण्यासाठी काठमांडूच्या एखाद्या सद्गृहस्थांनी काही मिनिटे पडद्यावर दिसणे व त्यांतील निम्मी मिनिटे आपला आवाज पोहोचतो आहे का याची चौकशी करणे पुरेसे मानले जाते. या मार्गाने मिळवलेले गुण एकूण संशोधनगुणांच्या ३० टक्क्यांपलीकडे धरले जात नाहीत, ही अट नियमकर्त्यांनी स्वतः परिषदांना हजेरी लावली असल्याचा सबळ पुरावा मानता येईल.

परिषदार्थी, म्हणजे हे गुण मिळवण्यास निघालेला शिक्षक, विदर्भ, देवगिरी किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरतो. उद्घाटन दहाला असते आणि विमानतळाजवळच्या सहारमधील हॉटेलात खोली दुपारी दोनला मिळते. या तीन वेळांचा मेळ घालण्याची जबाबदारी संयोजकांनी हॉटेलवर, हॉटेलने 'उपलब्धतेनुसार' या शब्दावर आणि त्या शब्दाने अखेर परिषदार्थीवर टाकलेली असल्याने, दीपप्रज्वलनास टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अंघोळ झालेले असे फक्त स्थानिक संयोजकच असतात. (उद्घाटन प्रत्यक्षात साडेअकराला होते, पण हे आधी माहीत असण्याचा कोणताही उपाय नाही.)

खोली कोणाला किती मोलाची, हे केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशाने ठरवून दिलेले आहे. त्यातील मूळ दरांनुसार वेतनस्तर १४ व त्यावरील अधिकाऱ्यास दौऱ्यावरील हॉटेलसाठी दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत, १२ व १३ या स्तरांस ४,५०० आणि ९ ते ११ या स्तरांस २,२५० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती मिळत असे, म्हणजे आधी स्वतः भरलेली रक्कम मागाहून परत केली जात असे. या शेवटच्या गटास शहरातील टॅक्सीसाठी दिवसाला ३३८ रुपयांची मर्यादा होती, आणि त्यातील वरचे आठ रुपये ज्याने शोधून काढले त्याच्याइतकी काटेकोर वृत्ती शोधनिबंधांत क्वचितच आढळते. केंद्रीय संस्थेतील सहायक प्राध्यापकाची सुरुवात वेतनस्तर १० वर होते आणि २,२५० रुपयांत विमानतळाजवळच्या बिझनेस हॉटेलात जेमतेम स्वागतकक्ष परवडत असे. परंतु दोन सहायक प्राध्यापक एकत्र केल्यास ४,५०० रुपये होत आणि दोन कनिष्ठ मिळून एक वरिष्ठ तयार होई. या समीकरणास संयोजकांच्या परिभाषेत 'ट्विन शेअरिंग' म्हणतात.

ट्विन शेअरिंगमध्ये खोलीत शिरलेल्या दोघांच्या प्रथम लक्षात येते ते असे की, पलंग आणि स्नानगृह यांच्या मध्ये भिंत नसून काच आहे. काचेमुळे लहान खोली मोठी भासते आणि स्नानगृहात उजेड येतो, हे वास्तुरचनाकारांचे म्हणणे योग्यच आहे; मात्र ज्यांच्यापैकी एकाने दुपारीच दुसऱ्याच्या निबंधावर 'सैद्धांतिक चौकट अपुरी' असा शेरा मारला आहे अशा दोन पोक्त भाषाभ्यासकांचा विचार त्या रचनेत झालेला नसावा. काचेला पडदा असतो, पण तो पाडण्याची कळ काही हॉटेलांत आत आणि काहींत बाहेर असते, आणि ती बाहेर असल्यास आत जाणाऱ्याची प्रतिष्ठा बाहेर बसलेल्याच्या स्वाधीन होते. शिवाय दाराजवळच्या खाचेत कार्ड असेपर्यंतच खोलीत वीज राहते, आणि दोघांत कार्ड एकच मिळालेले असल्यास ते घेऊन चहासाठी खाली गेलेला सहनिवासी परतेपर्यंत आतला विद्वान अंधारात, डोळ्यांवर फेस घेऊन, भिंतीवरील चार खटक्यांपैकी गरम पाण्याचा कोणता याचा शोध घेत उभा असतो. मराठी विद्वानांतील दीर्घकालीन वाद सर्वस्वी वैचारिक असतात ही जी समजूत रूढ आहे, तिची फेरतपासणी या अंगानेही व्हावयास हवी.

रात्री झोप लागत नाही, यालाही शास्त्राधार आहे. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि पहाऱ्यावर असल्यासारखा राहतो, असे ब्राउन विद्यापीठातील संशोधकांना आढळले व ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या सत्रात हा अर्धगोल आपली थकबाकी वसूल करतो आणि उजवा त्याला सोबत करतो. सभागृहाचे तापमान त्यास अनुकूल ठेवलेलेच असते. जागेपणी वाचण्याजोगा मजकूर खोलीत एकच, तो म्हणजे पृथ्वीच्या रक्षणासाठी टॉवेल पुन्हा वापरावा अशी स्नानगृहातील विनंती. याच खोलीत पूर्वी राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, असे लिहिल्यास ही विनंती निव्वळ पर्यावरणाच्या आवाहनापेक्षा अधिक मानली जाते, असे गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. याच खुर्चीवरील पूर्वीच्या बहुतेक श्रोत्यांनी निबंध शेवटपर्यंत ऐकला, अशी पाटी परिषदांनाही लावता येईल. अडचण इतकीच की पाटी खरी असावी लागते.

न्याहारीविषयी विशेष लिहिण्याजोगे नाही. पोहे झाकणाखाली वाफवून वाफवून घट्ट झालेले असतात, आणि ऑम्लेटच्या रांगेत भेटणारे विद्वान सभागृहात भेटत नाहीत.

या मुक्कामाचे सार ज्या कागदावर उतरते त्याची घनता मात्र थक्क करणारी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढील खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि वरचा दर फक्त वरच्या रकमेवर नव्हे तर पूर्ण भाड्यावर लागत असल्याने ७,५०० रुपयांवर ३७५ रुपये असणारा कर ७,५०१ रुपयांवर १,३५० रुपये होतो. सुट्या रुपयाची अशी प्रतिष्ठा देशात अन्यत्र उरलेली नाही. वेतनस्तर १४ ची २०१७ मधील मर्यादा आणि कराची सीमारेषा याच आकड्यावर भेटतात, हा योगायोग मानण्यास हरकत नाही. उपाहारगृहाचा नियम याहून सूक्ष्म आहे: आधीच्या आर्थिक वर्षात त्या हॉटेलातील एखाद्या खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलेले असल्यास तेथील खाण्यापिण्यावर ५ ऐवजी १८ टक्के कर लागतो, म्हणजे तळमजल्यावर चहा पिणारा परिषदार्थी गतवर्षी वरच्या मजल्यावर राहून गेलेल्या अनोळखी पाहुण्याच्या ऐपतीचा कर भरतो. आंतरसंहितात्मकता, म्हणजे एका संहितेच्या अर्थात दुसऱ्या संहितेने केलेला हस्तक्षेप, विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

हे बिल संस्थेत पोहोचते तेव्हा त्याची समीक्षा सुरू होते. विद्वत्पत्रिकेत अनामिक तज्ज्ञ निबंध तपासतात आणि त्यास तज्ज्ञसमीक्षा म्हणतात. लेखा विभागातील लिपिक तेच काम एकट्याने, स्वाक्षरीनिशी आणि लाल शाईने करतो. बिलावरील तारीख तो तिकिटाशी, तिकीट रजेच्या अर्जाशी आणि अर्ज हजेरीच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहतो. बिलात रात्रीचे जेवण आढळल्यामुळे तो कार्यक्रमपत्रिका मागवतो आणि रात्रीचे भोजन संयोजकांतर्फे होते, हे तिच्या तिसऱ्या पानावरून सिद्ध करतो. मग गोषवाऱ्यांची पुस्तिका मागवून ती पहिल्या पानापासून चाळतो, परिषदार्थीचा निबंध दुसऱ्या दिवशी दुपारी होता हे शोधून काढतो, त्याचे अडीच ओळींचे शीर्षक उपशीर्षकासह उतरवून घेतो आणि त्याखाली लिहितो की, निबंध दुसऱ्या दिवशी असताना पहिल्या दिवसापासून मुक्काम करण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा सादर करावा. परिषदार्थी तीन पानी खुलासा लिहितो. ज्ञान हे संवादातून वाढते, असे त्यात प्रतिपादन केलेले असते आणि पहिल्या दिवशीची सर्व सत्रे आपण आद्यन्त ऐकली, असे स्वच्छ शब्दांत नमूद केलेले असते. खुलासा दोन दिवसांत परत येतो. समासात एकच ओळ असते: ऐकलेल्या निबंधांचा गोषवारा सोबत जोडावा.