जांभळ्या तेरड्याचे संगोपन : काही कडक नियम

गच्चीवरचा तेरडा मरतो तो बहुधा मायेने. बांधावर, कुंपणाकडेला तो आपसूक उगवून कमरेएवढा होतो. हौशी बागवाल्याच्या कुंडीत मात्र मान टाकतो. म्हणून नियम पहिला : मृगाचा पाऊस पडला की बी मातीवर भुरभुरावे, वर चिमूटभर माती टाकावी आणि घरात जावे. नियम दुसरा : घरातच राहावे. ‘कोकणातल्या धो धो पावसात तेरडा तगतो, मग आमच्या दोन तांब्यांनी काय बिघडणार?’ असा आक्षेप येतो. उतारावर पाणी थांबत नाही. कुंडीखालच्या देखण्या बशीत थांबते आणि ते जाड, पाणीदार खोड बुडाशी कुजते. तेव्हा बशी काढावी. माळ्यावर ठेवावी, म्हणजे पुन्हा हाती लागायची नाही.

नियम तिसरा : फुलपाखरे आणि मधमाश्या हव्या असतील तर एकेरी फुलाचाच तेरडा लावावा. मध असतो फुलामागच्या बारीक, वाकड्या नळीत. माशी आत शिरते तेव्हा छतालाच असलेले पुंकेसर तिच्या पाठीला पराग फासतात. पुढे ती परागाची टोपी गळून पडते, त्याच जागी कुक्षी उघडी होते आणि दुसऱ्या फुलावरून आलेल्या पाठीवरचा पराग टिपते. गच्च पाकळ्यांच्या डबल जातीत ही वाटच बुजते. मग माशी येत नाही म्हणून हळहळायचे कशाला? नियम चौथा : पानावर शेपटीला शिंग असलेली, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी दिसली तर फवारणीचा पंप खाली ठेवावा. ती बहुधा हॉक मॉथ पतंगाची असते. पतंग हवा पण अळी नको, हा हट्ट म्हणजे जावई हवा पण व्याही नको.

‘पण तेरड्याचा रंग तीन दिवस, एवढा खटाटोप कशासाठी?’ म्हण एकेका फुलापुरती खरी. झाड मात्र आठवडेच्या आठवडे फुलत राहते. भाद्रपदात कोकणात मुळासकट उपटलेला तेरडाच गौर होऊन घरात येतो, तो काही उगाच नाही. आणि खटाटोप कुणी सांगितला आहे? याचाच हिमालयातला भाऊबंद 1839 मध्ये शोभेसाठी ब्रिटनला नेला. मधमाश्यांना तो इतका मानवला आणि नदीकाठांवर इतका माजला की आता तिथे स्वयंसेवक तो उपटत फिरतात. त्याला कुणी डीएपी घातले नव्हते.

नियम पाचवा, बियांचा. पिकलेले फुगीर बोंड चिमटीत धरताच फट्‌कन फुटते, पाच फाका आत गुंडाळतात आणि बी दूर उडते. ते वेचून, डबीत भरून, वर तारीख घालायची हौस असेल तर भागवावी. पण पुढल्या जूनमध्ये उगवायला जमिनीवर सांडलेले बीही पुरते. एवढे वाचूनही ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांनी तेरड्याच्या वाटेला जाऊ नये. गुलाब लावावा. त्याला छाटणी लागते.