श्री. गेल्या वर्षीचा ग्रामविकास आराखडा यांस



यंदाही आपलं दर्शन घडलं. मुखपृष्ठावर साल तेवढं नवं; पोटात तीच गटार, तोच सिमेंट रस्ता, तोच हायमास्ट दिवा. तिसऱ्या पानावर शेजारच्या गावाचं नाव राहून गेलंय, पण ते असू द्या. शेजारधर्म म्हणून त्यांचाही विकास करून टाकू.

2015 पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून आम्हाला शिकवलं गेलं की आधी शिवारफेरी, चौकात रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा, महिलासभा, आणि मग ग्रामसभा. आपण किती काटकसरी! ही सगळी पायपीट एका संगणकासमोर चहाच्या कपात उरकता. पंचायतीच्या बिचाऱ्या संगणक केंद्रचालकाला निरोप एवढाच, ‘साइट चालू झाली की भरून टाक.’ ग्रामसभेला कोरम नसला तर उत्तमच. तहकूब सभेला तो लागतच नाही.

माहिती नव्हती, ही सबब आता चालायची नाही. 24 एप्रिल 2020 ला आराखडे भरायचं ई-ग्रामस्वराज पोर्टल आणि स्वामित्व योजना, दोन्ही एकाच दिवशी आली. ‘स्वामित्व’मधून चुन्याच्या रेषा आखून ड्रोनने गावठाणातली घरं टिपायचं ठरलं. ‘ग्राम मानचित्र’ या ऑनलाइन नकाशावर कोणतं काम कुठं, हे पाहता येतं. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला. आपण त्याचा मान राखलात: पुढाऱ्याच्या दारातली गटार तिसऱ्यांदा स्वच्छ झाली. तांड्यावरच्या बाया मात्र अजून हंडे घेऊन ओढा ओलांडतात. तांडा गावठाणाबाहेर पडतो आणि आपल्या नजरेबाहेरही.

10 जुलै 2024 ला सकाळी आमचा कळमनुरी तालुका 4.5 तीव्रतेच्या धक्क्याने हादरला. केंद्रबिंदू निघाला रामेश्वर तांडा. जमिनीखालून येणाऱ्या भूकंपाला तांडा सापडतो, दूरवरच्या यंत्रांना सापडतो. आपल्याला मात्र डांबरी रस्त्यावरून जीपने येऊनही सापडत नाही. शिवारफेरी भूकंपाकडून शिकावी.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या. पुढच्या ग्रामसभेत नकाशा मोठा करून भिंतीवर लावा. कोणती विहीर मार्चात आटते, पावसाळ्यात पोरांची शाळा कोणत्या नाल्यावर अडते, ते बाया बोट ठेवून सांगतील. प्रत्येक कामापुढे ते कोणत्या वस्तीने मागितलं, हे लिहा. फोटो काढाल तो काम झाल्यावरचाच नको, आधीचाही हवा.

आणि आपण आता विश्रांती घ्यावी. आपल्या सेवानिवृत्तीचा ठराव आम्ही मांडतो आहोत. सूचक तांड्यावरच्या, अनुमोदक वाडीवरच्या. हा ठराव मात्र शब्दशः उतरवून घ्या. तेवढं आपल्याला छान जमतं.

आपला नम्र,
नकाशाबाहेरचा एक मतदार
(ता. कळमनुरी, जि. हिंगोली)