हुकूम कोणता?

(रंगमंचावर डायनिंग टेबल. त्यावर चहाचा कप, एक वही आणि रेशमी रुमालात बांधलेला पत्त्यांचा कॅट. पन्नाशीची गृहिणी गाऊनवर ओढणी सावरत लगबगीने येते, रुमाल सोडून पत्ते पिसू लागते.)

बसा, बसा. दोनच मिनिटं हं. आजचा पत्ता काढल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही. दूधवाल्याशीसुद्धा नाही. तो बिचारा हल्ली पिशवी कडीला अडकवून पळतो.

टॅरोचा क्लास लावलाय मी. बाई सांगतात, पत्ते नुसते अडीनडीला काढायचे नाहीत, रोजची साधना करायची. सकाळी ठरावीक वेळी तीन दीर्घ श्वास, मन स्थिर, एक प्रश्न, एक पत्ता. वहीत लिहायचा आणि रात्री पडताळायचा.

मन स्थिर! आमच्याकडे साडेसहाला पाणी जातं. पहिल्या श्वासाला कुकरची शिट्टी. दुसऱ्या श्वासाला बाथरूममधून हे, "अगं, टॉवेल!" तिसऱ्या श्वासाला मूळ प्रश्नच डोक्यातून जातो, आणि तोंडात येतं, "आज भाजी काय करू?"

(पत्ता काढते. प्रेक्षकांना दाखवते.)

हे बघा, तलवारींची तिर्री. लालभडक बदाम, त्यात आरपार तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. अर्थ, मनाला लागलेली जखम. काल हाच निघाला होता. यांनी चष्मा कपाळावर चढवून तो निरखला आणि विचारलं, "तीन स्टेंट? पॅकेज केवढ्याचं सांगितलं?"

(पत्ता ठेवते.)

एकूण पत्ते 78. त्यातले 56 आपल्या पत्त्यांसारखेच, चार रंगांचे. पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. फक्त गुलाम आणि राणीच्या मध्ये एक घोडेस्वार जास्त. उरलेले 22 म्हणजे मोठी माणसं! सम्राट, संन्यासी, सूर्य, चंद्र, सैतान, मृत्यू.

या पत्त्यांना पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवून शुद्ध करायचं असतं. ठेवले मी गॅलरीत, ताटात पसरून. समोरच्या काकू ग्रिलमधून ओरडल्या, "अगं, दव पडतंय, पापड सादळतील!" आता काय सांगू? म्हटलं, "काकू, हे तळायचे नाहीत!"

आणि तो मृत्यूचा पत्ता! क्रमांक 13. चिलखत घातलेला सांगाडा, पांढरा घोडा, हातात काळा झेंडा. बघणाऱ्याला घामच फुटतो. पण टॅरोवाले त्याचा अर्थ मरण असा लावत नाहीत. जुनं संपणार, नवं सुरू होणार. आमच्या कामाच्या मावशी लादी पुसता पुसता म्हणाल्या, "वहिनी, माझा बी एक काढा." काढला. नेमका तेरा नंबर! मी घाईघाईनं म्हटलं, "मावशी, घाबरू नका हं. जुनं काहीतरी संपतंय, नवं सुरू होतंय." त्या उभ्याच राहिल्या. "बया! पत्त्याला कसं कळलं? मी एक तारखेपासून बी विंगचं काम धरलंय. तुमचं सोडतेय."

(कपाळाला हात.)

भविष्य त्यांचं, भांडी माझी!

पण खरा घात सासूबाईंनी केला. वय वर्षं ऐंशीच्या पुढे, उभा जन्म मेंढीकोटात गेलेला. सकाळी बघते तर माझे चांदण्यात शुद्ध केलेले पत्ते थुंकी लावून पिसतायत! मी किंचाळले, "आई, ते साधनेचे आहेत!" त्यांनी पत्ते पंख्यासारखे धरले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हुकूम कोणता?"

मी तणतणत पुस्तकं काढली. म्हटलं, आता पुराव्यानिशी सांगते यांना. आणि वाचते तर काय? पंधराव्या शतकातली उत्तर इटली. मिलानच्या सरदार घराण्यांनी सोन्याचा वर्ख लावून हे पत्ते रंगवून घेतले होते. कशासाठी? खेळायला! ते माझे गूढ पत्ते, सम्राट, सूर्य, चंद्र, ते खेळातले हुकूम होते हो, हुकूम! शेकडो वर्षं लोकांनी त्यांवर हात केले आणि भांडणं केली. भविष्य फारसं कुणाच्या मनातही नव्हतं.

मग पॅरिसमध्ये कूर द जेबलाँ नावाचे विद्वान निघाले. 1781 साली त्यांनी छापलं की हे साधे पत्ते नव्हेत, प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे! आता गंमत बघा. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली 1822 साली. म्हणजे पेपर फुटायच्या चाळीस वर्षं आधी यांनी उत्तरपत्रिका लिहिली! पण लोकांना पटलं. मग 1909 मध्ये लंडनला वेट नावाच्या गृहस्थांनी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईंकडून नवा संच काढून घेतला. बाईंनी नुसते पेले, तलवारी मोजून काढल्या नाहीत, लहान पत्त्यांतही चित्रं भरली. म्हणून तर माझ्यासारखीला चित्र बघून काहीतरी बोलता येतं. आणि संच वर्षानुवर्षं ओळखला गेला कुणाच्या नावाने? प्रकाशक रायडर आणि वेटसाहेब! चित्रं काढणारी बाई कुठेच नव्हती. हे मात्र मला पत्त्याशिवाय कळलं असतं.

(सावकाश बसते.)

परवा समोरच्या काकू आल्या. मुलाचा अमेरिकेचा व्हिसा अडकलाय. मी दहा पत्त्यांचा मोठा पट मांडायला घेतला. सासूबाई म्हणाल्या, "थांब गं. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडची पडली की हो, डावीकडची पडली की नाही. दहा पत्ते कशाला?" एकच पत्ता उचलला, त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बघितलं ते काकूंच्या तोंडाकडे. "तुला तो जायला हवाय की नकोय, ते आधी सांग."

काकूंचा बांधच फुटला. व्हिसासाठी नाही, तो गेल्यावर घर खायला उठेल म्हणून. सासूबाईंनी चहा टाकायला सांगितला. पत्ता तसाच उपडा राहिला. कुठला होता, ते आजतागायत कुणी बघितलेलं नाही.

तेव्हापासून माझ्या वहीतला प्रश्न बदलला. "काय होईल?" खोडलं आणि लिहिलं, "मी काय करू?" पत्ता तोच, पण आता उत्तर मला द्यावं लागतं. भाजीसकट!

(उठून पुढे येते.)

तेव्हा मंडळी, खुशाल काढा रोज एक पत्ता. सकाळी पाच मिनिटं स्वतःशी बोलायला निमित्त मिळतं, ते कमी नाही. पण छातीत दुखलं तर डॉक्टर गाठा, जमिनीचा वाद असेल तर वकील गाठा, आणि नवऱ्याच्या मनात काय आहे ते पत्त्याला नाही, नवऱ्याला विचारा. कोणी "पत्त्यात संकट दिसतंय, शांतीचे एवढे हजार द्या" म्हणालं, तर पर्स बंद करून उठा.

आणि हो, फ्रान्समध्ये अजूनही अशाच 78 पत्त्यांचा डाव चौघं मिळून खेळतात. त्यात मूर्खाचा पत्ता कधीही टाकता येतो. हात सहसा मिळत नाही, पण माणूस सुटतो. तो पत्ता यांनी आत्ताच मागून घेतलाय. सासूबाई, मी, हे... एक भिडू कमी पडतोय. येताय कुणी?

(पत्ते पिसते. अंधार.)