पिवळं पान

शुद्धलेखनाचा अधिकार आपल्याकडे आहे असं मानणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर गाव फार सांभाळून घेतं. कळमनुरीत लग्नपत्रिका पूर्वी छापायला जाण्याआधी माझ्याकडे यायच्या. आता छापून, हळदकुंकू लावूनच येतात. म्हणजे बोलायची सोयच नाही.

तेव्हा मी मराठी विकिस्रोताकडे वळलो. हक्क संपलेली जुनी पुस्तकं स्वयंसेवक तिथं पानापानानं उतरवतात. (साने गुरुजी १९५० साली गेले, कायद्यातली ६० वर्षं भरली आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांची झाली.) एका बाजूला छापील पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचलेला मजकूर. यंत्र 'घ'चा 'ध' करतं, 'भ'चा 'म' करतं. म्हटलं, हे आपलंच गिऱ्हाईक.

तपासायचं राहिलेलं पान लाल. एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. दुसऱ्यानंच. आपण पिवळं केलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही. तसं बटणच समोर येत नाही. मी नीट शोधलंय. जन्मभर लोकांना गुण वाटले, आणि माझी पानं मात्र पिवळीच पडून!

वर शिस्त आहेच. ओळीअखेर एंटर मारायचा नाही. तुटलेला शब्द सांधायचा. माथ्यावरचं पुस्तकाचं नाव वेगळ्या चौकटीत टाकायचं, नाहीतर पानं जोडल्यावर ते वाक्याच्या मधोमध उगवतं. हे सगळं मला पाठ असताना एका स्वयंसेवकाचा निरोप आला: "दादा, छान काम. नियम तेवढे एकदा बघून घ्या." दादा! या तालुक्यात मला 'सर'शिवाय दुसरी हाक नाही.

सगळ्यात जहरी नियम म्हणजे छापील चूक तशीच ठेवायची. जुळाऱ्याचा हात चुकून भलताच खिळा बसला असेल, तरी तो जपायचा. फार तर मूळ पानात असंच आहे, अशी खूण करायची. लाल पेनवाल्या माणसाला हा उपासच.

अनुस्वारांचं मात्र मला वेड लागलं. १९६२च्या नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचं पान उघडा, ओळींच्या डोक्यावर नुसते तीळ सांडलेले: कांहीं, नाहीं, घरांत, त्यानें, तें. पण एकही उगाच नाही. 'घरीं'वरचा सप्तमी सांगतो, 'त्यानें'वरचा तृतीया, 'केळें'वरचा नपुंसकलिंग. माझे आजोबा असंच लिहीत. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत. मराठी त्यांनी घरी पोथी पुढ्यात ठेवून गिरवली. हैदराबादेहून आजीला धाडलेल्या पत्रांत खुशालीपेक्षा अनुस्वार जास्त. शाळेनं न दिलेली भाषा होती ती. टिंब गाळायची त्यांची छातीच झाली नसावी.

म्हणून कुणी उत्साही येऊन, 'आता असं लिहीत नाहीत' म्हणत पानभर टिंबं झाडून नेतो, तेव्हा मला खरंच राग येतो. मी एकेक परत लावत बसतो. डोळे दुखतात, पण बसतो.

"काहून एवढा जीव काढता?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं, पैठणच्या नाथांनी शके १५०६मध्ये पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये म्हणून बजावून ठेवलं. ती परंपरा आहे.

"असंल. पण आपलं पान कोण हिरवं करतं म्हणून नाथ दर घंट्याला उठून बघत नसतील."

काल त्या 'दादा'वाल्यानं माझं एक पान हिरवं केलं. मी तडक त्याची पिवळी पानं उघडली. फेड म्हणून नव्हे, चूक काढायला. पहिलं स्वच्छ. दुसरंही. तिसऱ्यात एक काना जास्तीचा सापडला. सरसावून छापील पान पाहिलं, तर तिथंही होता.