नेला तरी गुन्हा, ठेवला तरी गुन्हा

मायामीहून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजावर रात्री दीड वाजता पिझ्झाचे सहा तुकडे ताटात वाढून घेतले, तरी कोणी ब्र काढत नाही. सकाळचा नाश्ता, दुपारची आइस्क्रीमची तिसरी फेरी, संध्याकाळचा नाचगाण्याचा कार्यक्रम, सगळे तिकिटातच आलेले. पण पोहण्याच्या तलावाकाठी जाऊन कोरडा टॉवेल मागितला, की काउंटरमागचा तरुण गोड हसतो आणि हात पुढे करतो. त्याला कार्ड हवे असते.

रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर या कार्डाला ‘सी-पास’ म्हणतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. ते यंत्राला दाखवले की टॉवेल प्रवाशाच्या नावावर चढतो आणि परत केला की उतरतो. सफर संपेपर्यंत उतरलाच नाही, तर बिलात 25 डॉलर उमटतात. कार्निव्हल कंपनीची रीत थोडी वेगळी. तिथे टॉवेल खोलीतच माणशी एक ठेवलेला असतो. निघताना तो दिसला नाही, तर दंड साधारण याच घरातला. डिझ्नीचा हिशेब मात्र सढळ. बहामामधल्या ‘कॅस्टअवे के’ या स्वतःच्या बेटावर ते टॉवेल देतात आणि कोणाचेही नाव लिहून ठेवत नाहीत.

अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना हल्ली नायगारा आणि न्यूयॉर्कबरोबर कॅरिबियन क्रूझही घडते. त्यांच्या सफरीत हा टॉवेल पहिल्याच दिवशी आडवा येतो. “अहो, पंचवीस डॉलर म्हणजे दोन हजारांच्या वर! सोलापूरला तेवढ्यात घरभर टॉवेल झाले असते.” काकूंचा मुद्दा अगदीच भावनिक नाही. सोलापूरच्या चादरीबरोबर तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि जहाजावरच्या टॉवेलकडे ते नाही. काउंटरवरचा तरुण गोव्याचा निघाला, तर त्यात नवल नसते. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या तारवटींची, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांची, घरे आहेत आणि जगातल्या बहुतेक क्रूझ कंपन्यांच्या पटावर गोवेकर सापडतात. तो शांतपणे समजावतो, “काकू, टॉवेल तुमचा नाही. तुमच्या नावावर आहे.”

काका दिवसभर हे वाक्य घोळवत बसतात.

कंपन्यांच्या बाजूने पाहिले, तर ही काळजी उगाच नाही. पाच हजार प्रवाशांनी एकेक टॉवेल घेतला, की 25 डॉलरच्या दराने सव्वा लाख डॉलरचे कापड उन्हात पसरलेले असते. त्यातले काही बंदरावर उतरते, मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या वाळूत लोळते आणि तिथेच राहते. काही सुटकेसच्या तळाशी, मळक्या कपड्यांच्या आडोशाला, परदेशगमन करते. जमिनीवरच्या हॉटेलांनी यावर यंत्र शोधले. टॉवेलच्या शिवणीत धुलाई सोसणारी इवलीशी चिप शिवायची. ही चिप लावल्यावर होनोलुलूच्या एका हॉटेलातून महिन्याला गायब होणाऱ्या तलावाकाठच्या टॉवेलांची संख्या 4,000 वरून 750 वर आल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले होते. उरलेल्या साडेसातशे जणांच्या धैर्याला दाद द्यावी लागेल.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. टॉवेल नेला तर दंड. पण ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, त्या दिवशी नेमका उलटा गुन्हा घडतो. लोक टॉवेल नेत नाहीत, ठेवून जातात.

पहाटे सहाला, सूर्य अजून तयारीत असताना, पायजम्यातली माणसे मांजराच्या पावलांनी वरच्या डेकवर येतात. तलावाला लागून असलेल्या चार आरामखुर्च्यांवर चार टॉवेल पसरतात, एकावर चपला, दुसऱ्यावर अर्धी वाचलेली कादंबरी ठेवतात आणि परत झोपायला जातात. दहा वाजता बाकीचे जग वर येते, तेव्हा डेक भरलेला असतो आणि माणूस एक नसतो. 2024 मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर सात तलाव आहेत, पण प्रवासीही जास्तीत जास्त 7,600 मावतात. त्या सगळ्यांना खुर्ची हवी असते ती तलावाच्या काठची, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत, आणि आइस्क्रीमपासून चालत अर्ध्या मिनिटावर.

मराठी माणसाला हा प्रकार शिकवावा लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला बोटी जात, त्या काळी डेकचे तिकीट काढलेला माणूस आधी वळकटी सोडून सतरंजी पसरी आणि मग पोहोचवायला आलेल्यांना हात करी. फरक एवढाच, की ती सतरंजी घरची असे. इथे कंपनीच्या टॉवेलने कंपनीचीच खुर्ची अडवायची असते. स्वतःचे काहीही न लावता मालकी मिळवण्याची ही युक्ती भल्या भल्या बिल्डरांना सुचलेली नाही.

मग नियम आले. कार्निव्हलने 2013 मध्ये रिकाम्या खुर्च्यांवर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली. चाळीस मिनिटांत धनी परतला नाही, तर सामान उचलून बाजूला ठेवले जाते. रॉयल कॅरिबियनच्या पाट्यांवर अर्ध्या तासाची मुदत असते. कागदावर हे चोख दिसते. प्रत्यक्षात ती चिठ्ठी चिकटवणारा मुलगा घरापासून हजारो मैलांवर नोकरी करत असतो आणि सफरीच्या शेवटी प्रवासी त्याच्या सेवेला गुण देणार असतात. तो चिठ्ठी लावतो, घड्याळ पाहतो, समोरच्या आजोबांकडे पाहतो आणि दुसऱ्या रांगेतल्या खुर्च्या पुसायला जातो. एकोणचाळिसाव्या मिनिटाला मालकीणबाई येतात, कादंबरीचे एक पान उलटतात, चिठ्ठी काढून फेकतात आणि जेवायला जातात.

जमिनीवर याच भांडणाला राष्ट्रीय रंग आहे. स्पेनच्या हॉटेलांत पहाटे टॉवेल टाकून खुर्च्या बळकावतात ते जर्मनच, असे ब्रिटिश वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत. जर्मनांचे ब्रिटिशांबद्दल हेच मत. थॉमस कुक या ब्रिटिश पर्यटन कंपनीने 2018 मध्ये यातही धंदा पाहिला. काही हॉटेलांत 25 युरो आधी भरले, की तलावाकाठची आवडती खुर्ची सुट्टीभर आपली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2019 मध्ये, 1841 पासून चालत आलेली ही कंपनी बुडाली. कारणे कर्जाची होती. खुर्च्यांचा त्यात हात नव्हता, पण त्यांनी वाचवलेही नाही.

कार्निव्हलच्या जहाजांवर टॉवेलच्या घड्या घालून हत्ती, माकडे, कुत्री करण्याची मोठी परंपरा आहे. खोली आवरणारे कर्मचारी ती पलंगावर बसवून जातात आणि घड्या कशा घालायच्या याचे पुस्तकही कंपनी विकते. एखाद्या रात्री मात्र हे प्राणी थेट डेकवर उतरतात. पहाटे सहाला टॉवेलधारी मंडळी मोहिमेवर येतात, तर काय? शेकडो खुर्च्यांवर आधीच कोणी ना कोणी बसलेले. गॉगल लावलेला हत्तीसुद्धा. त्यांना चिठ्ठी लावायची पद्धत नाही.

अशा ठिकाणी आपला टॉवेल ओळखायचा कसा, हाही प्रश्नच. सगळे एकाच रंगाचे, एकाच मापाचे. यासाठी पोपटाच्या, फ्लेमिंगोच्या आकाराचे प्लॅस्टिकचे मोठे चिमटे मिळतात आणि अनुभवी प्रवासी ते घरूनच आणतात. काकूंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि टॉवेलच्या कोपऱ्याला टोचली. काम झाले.

खरी धावपळ शेवटच्या दुपारी उडते. ज्याचा टॉवेल हरवला, तो शेजारच्या खुर्चीवरचा बेवारस दिसणारा उचलतो आणि आपल्या नावावरचा बोजा उतरवतो. ज्याचा उचलला, तो पोहून येतो, चरफडतो आणि पुढच्या खुर्चीकडे वळतो. असा एकच हरवलेला टॉवेल संध्याकाळपर्यंत अख्खा डेक फिरतो आणि तलावात सर्वात जास्त वेळ डुंबणाऱ्याच्या बोकांडी बसतो.

काका-काकूंचे दोन्ही टॉवेल वेळेत जमा झाले. पावती मिळत नाही म्हटल्यावर काकूंनी मुलाला फोनवर खाते उघडायला लावले आणि टॉवेलचा एक डॉलरही लागलेला नाही, हे दोनदा बघितले. काका जिन्याशी पोहोचले, तेव्हा त्या पुन्हा काउंटरवर होत्या. समोर ओल्या टॉवेलांचा छातीएवढा ढीग.

“काकू, आता आणखी टॉवेल हवाय?”

“टॉवेल नको रे बाबा. त्यात माझी पिन गेली आहे.”